हाल्वरची डावी स्की

मित्रांनो, मी एक जुनी, मोडकी स्की आहे. डोंगरातल्या एका ऐटबाज घरात, शेकोटीच्या वर मला टांगून ठेवलंय. माझं टोक कसं मोडलं, याची गोष्ट या घरात पाहुण्यांना सांगतात, आणि खोटी सांगतात. म्हणून आज मीच बोलते.

भूर्जाच्या लाकडातून मला हाल्वरच्या वडिलांनी घडवलं. हाल्वर दर शरदात माझ्या तळाला ऊन ऊन डांबर चोळायचा. जीव होता त्याचा माझ्यावर.

ईस्टरच्या सुट्टीत तो आणि त्याचा बालमित्र ओद्दमुन दिवसभराच्या सफरीला निघाले. आमच्याकडे लाकडी स्की घेऊन डोंगरात जाणारा माणूस पिशवीत पत्र्याचं एक जादा टोक ठेवतो. स्की मोडली, की ते टोपीसारखं चढवायचं आणि घर गाठायचं. ओद्दमुननं ते मुद्दाम घरी ठेवलं होतं. म्हाताऱ्यांची कामं ती, म्हणाला.

दुपारच्या आतच त्याची स्की मोडली. हाल्वरनं पिशवीतून आपलं जादा टोक काढून तिच्यावर बसवलं. मग दोघांनी उन्हात बसून संत्री खाल्ली.

परतताना हाल्वरला लांबची, सोपी वाट धरायची होती. ओद्दमुन हसला. "माझी आजी उतरायची रे या कड्यावरून. तू काय, बायकोला विचारून येतोस?"

हाल्वर चिडला आणि उतरला. बर्फाखाली खडक होता. माझं टोक तुटलं, त्याचा गुडघा फिरला. ओद्दमुन म्हणाला, खालच्या झोपडीतून माणसं आणतो. हाल्वर म्हणाला, "जा, पण लवकर ये. पाय आत्ताच गार पडलेत."

तो गेला. हाल्वरनं माझ्याच तुटक्या अंगानं बर्फात खड्डा खणला आणि मला उराशी धरून आत बसला. वाऱ्यात जरा आवाज झाला, की मान वर करायचा. कोणी आलं नाही.

सकाळी झोपडी सांभाळणाऱ्या रांगफ्रीबाई माणसं घेऊन आल्या. त्याचे बूट कापता कापता त्या रडत होत्या. "काल ओद्दमुन म्हणाला, हाल्वर मागून येतोय रमतगमत. पत्ते खेळत बसला होता. उजाडल्यावर सांगितलं त्यानं."

आपण बिनटोकाचे निघालो, मित्राचंच टोक लावून त्याला मागे सोडून आलो, हे चारचौघांत सांगायची त्याला लाज वाटली. तेवढ्या लाजेपायी हाल्वरच्या पायांची सगळी बोटं गेली.

पुढे ओद्दमुननं मला आठवण म्हणून मागून नेलं. आता तो पाहुण्यांना सांगतो, की रात्रभर वादळात शोधून मी माझा मित्र वाचवला. रांगफ्रीबाई आता नाहीत. परवा हाल्वरही आला होता, काठी टेकत. एक पाहुणी त्याला म्हणाली, "असा मित्र मिळायला नशीब लागतं हो."

हाल्वरनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "हो. लागतं."

मित्रांनो, तुमच्या वस्तू जपा, असं सगळ्या जुन्या वस्तू सांगतात. मला मात्र जपू नका. मला पुसू नका, डांबर लावू नका. या भिंतीवरून उतरवा, फोडा आणि हाल्वरच्या चुलीत घाला. त्याचे पाय अजून गार असतात.