नव्या विहिरीचं कासव

चौऱ्याहत्तर साली, संक्रांत सरल्यावर, बोरीच्या दत्तरावांच्या नव्या विहिरीला पाणी लागलं. नव्या विहिरीत कासव सोडायचं, म्हणजे पाणी निवळ राहतं, हा तिथला रिवाज. दत्तराव नदीतलंच आणणार होते, पण त्यांची बायको मनकर्णा ऐकेल तर ना! थोरला लेक बन्सीधर कोकणात मास्तर. "समुद्राचं कासव आणते," असं गावभर सांगून, डालड्याचा डबा काखेत मारून ती एस.टी.त बसली.

धाकटी सून सुमन घरीच राहिली. तिला सातवा लागला होता. पहिलटकरीण, पण पालमहून न्यायला आलेली तिची आई दोनदा हात हलवत परत गेली होती. "आमच्यात काय कमी हाय? बाळंतपण इथंच," मनकर्णानं ठणकावलं होतं. माहेरासाठी सुमनचा जीव तुटत होता.

पंधरा दिवसांनी मनकर्णा परतली. विहिरीवर माणसं जमली. डबा उघडला, तर आत पोह्याचे पापड!

"वाटंत तळून खाल्लं काय, काकू?" शेजारचा मुंजाजी खिदळला.

"तुज्या तोंडात माती! पिल्लू डब्यात घातलं बी होतं. बन्सी म्हनला, खाऱ्या पान्याचा जीव, विहिरीत जगायचा न्हाई. दिलं सोडून. तुरुतुरु गेलं लाटंत."

मग ती काठावर ऐसपैस बसली.

"तितं एक मादी बघितली. परातीवानी पाठ. मागच्या पायांनी खड्डा केला, शंभरावर अंडी घातली, वाळू लोटून अंगानं चोपली, अन् गेली माघारी. वर्सानुवर्सं दर्यात हिंडती, पर अंडी घालायला जलमली त्याच किनाऱ्याला येती म्हनं."

"मग विहिरीचं काय?" दत्तरावांनी विचारलं.

"नदीचं आना की. मी कदी नको म्हनलं?"

दत्तराव मिशीत हसले. सुमनला हसू आलं, आणि त्याच दमात डोळे भरून आले. कासवाचंसुद्धा माहेर असतं, या विचारानं तिला स्वतःचीच कीव आली.

"अन् तू उभी काय ऱ्हायलीस?" मनकर्णा तिच्यावर कडाडली. "लुगडी बांध. उद्या पालमला जायचंय. मी येते सोडायला."

"पर आत्याबाई, तुमीच तर..."

"मीच म्हनले होते. आता मीच म्हनायलेय, जा." रिकामा केलेला डबा तिनं सुनेच्या हातात दिला. "डिंकाचे लाडू भर ह्यात. त्या कासवीला कुनी न्यायला येत न्हाई गं, तरी ती जाती. तुजी आई तर दोनदा येऊन गेली."