फड्याची भाजी

चिमट्यात धरलेला निवडुंगाचा फडा चुलीवर तडतडत होता, तेवढ्यात पुष्पावती आत आली आणि म्हणाली, पुणतांब्याचे पाव्हणे आलेत, देवळापाशी पोचलेत. लंकाबाईनं लेकीकडं बघत चिमटा खाली ठेवला. बरा मुहूर्त साधला म्हणायचा!

पाव्हणे म्हणजे गोरक्षनाथ, पुष्पाचे होणारे सासरे. सुपारी फुटली होती, तारीख तेवढी राहिली होती. साल त्र्याहत्तरचं. पारनेरकडच्या विहिरींचे तळ उघडे पडले होते आणि या मायलेकी दुष्काळी कामावर खडी फोडत होत्या. नवऱ्यामागं लंकाबाईनं एकच हट्ट धरला होता, पोर नदीकाठी द्यायची. तिथं तरी तिला पोटभर भाकरी मिळेल. आणि आज घरात काय, तर रेशनच्या मिलो ज्वारीचं मूठभर पीठ आणि गुरांपुढं टाकायचा निवडुंग! व्याह्याला कळलं तर सोयरीक मोडलीच म्हणून समजा.

पण दारी आलेल्याला उपाशी कसं धाडणार? पुष्पानं ओट्यावर घोंगडी टाकली, पाणी दिलं. रोजचा शिरस्ता असा, की काटे जाळायचे, फडा गोणपाटानं खसाखसा पुसायचा आणि पुन्हा एकदा विस्तवावर फिरवायचा. आज घाईत तो दुसरा फेरा राहून गेला. लंकाबाईनं फडे चिरले, चिंचेच्या पाण्यात उकळून बुळबुळीतपणा घालवला, मिरची-लसूण घातला. बारीक चिरल्यावर दिसतं तरी घेवड्यासारखं.

पाव्हण्यांनी विचारलं, भाजी कसली. घेवड्याची, ती म्हणाली, बाजारात स्वस्त मिळाली. बाई जन्मात खोटं बोलली नव्हती असं नाही, पण आज तिला एका जागी बसवेना. ती उगाच उठली, बसली, रिकाम्या रांजणात डोकावून आली.

चौथ्या घासाला गोरक्षनाथ थांबले. बारीक काटेरी कूस जिभेत रुतलं होतं. पुष्पा पुढं झाली, त्यांना उजेडाकडं तोंड करायला सांगितलं आणि नखांच्या चिमटीत कूस उपसून काढलं.

"घेवडा न्हाई, मामा," ती म्हणाली. "फड्या हाय. आमी रोज त्योच खातो."

लंकाबाईनं डोळे मिटून घेतले. कार्टीनं घात केला.

गोरक्षनाथांनी ताट जवळ ओढलं. मग उरलेली भाजी त्यांनी बोटांनी निपटून खाल्ली.

"विहीणबाई, मी सोयरीक मोडाया आल्तो," ते म्हणाले. "पाटाला पानी न्हाई, बैलं गेली. घरात सात तोंडं हायेत, आठवं कशानं भरू? पर ह्ये असं मानसाला खाता येतं, ठावं नव्हतं. आमच्या बांधाला लई वाढलंय. पोरीला करता येतंय न्हवं? मग सोमवारी हार घालून घिऊन जातो."

हवा तो होकार मिळाला होता. आता गोड मानून घ्यायला हवं होतं, पण नदीकाठीही पोरीच्या ताटात फड्याच येणार होता. लंकाबाईनं पोरीकडं बघितलं. पुष्पा ताट उचलत होती. तिनं मान डोलावली.

मग लंकाबाई विळा घेऊन कुंपणाशी गेली. निबर फडे बाजूला सारून तिनं तळहाताएवढे कोवळे तेवढे कापले, काटे जाळले, पुसले, पुन्हा विस्तवावर धरले आणि व्याह्यांच्या उपरण्यात बांधून दिले. देण्याघेण्याचं, मानपानाचं ती काहीच बोलली नाही.

"कवळंच काढत जा, दादा," ती म्हणाली. "निबर तिच्या घशाखाली उतरत न्हाई."