विहारातला चष्मा

मॉलमधल्या मोठ्या शोरूमची नोकरी सोडून इरावतीनं रायपूरच्या बुढापारा मोहल्ल्यात स्वतःचं चष्म्याचं दुकान टाकलं, तेव्हा तिच्या वडिलांनी सुखातला जीव दुःखात घातला म्हणून कपाळावर हात मारला होता. अनंतराव रेल्वेतून रिटायर झालेले. पगार महिन्याच्या महिन्याला येतो तोच खरा, बाकी सगळी हवा, असं त्यांचं मत. पण इरावतीला त्या शोरूममधल्या एका वाक्याचा फार राग होता. डोळे तपासायचे, नंबर लिहायचा, फ्रेम खपवायची, आणि पुढे गिऱ्हाईक कुरकुरत आलंच तर हसून सांगायचं, "आदत हो जाएगी." नवी चप्पल लागत असेल तर तिची सवय होते, डोळ्याला कसली सवय? स्वतःच्या दुकानात ती हे वाक्य कधी बोलली नाही. तिथं तिच्या नावाची पाटी होती, आणि नंबर चुकला तर तो त्या पाटीचा चुकला असं ती धरून चालायची.

म्हणून कांताबाईंचं प्रकरण तिच्या जिवाला लागलं.

कांताबाई गुढियारी वस्तीतल्या. नवरा मालधक्क्यावर होता, तो गेला. मुलगा यशदीप सिलतऱ्याला कारखान्यात फिटर. कांताबाईंची शाळा अशी झालीच नव्हती. यशदीप पहिलीत गेला तेव्हा त्याच्या पाटीवर त्याच्या मागं मागं गिरवत बाई अक्षरं शिकल्या आणि मग थांबल्याच नाहीत. पावसाळ्यात वर्षावास लागला की पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, विहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचला जातो, त्याचं वाचन कांताबाईंकडे. पांढरं लुगडं नेसून त्या वाचायला बसल्या की मागं टिवल्याबावल्या करणारी पोट्टीसुद्धा गप्प व्हायची.

यंदा मात्र त्या अडखळायला लागल्या. एक ओळ दोनदा वाचायच्या, मध्येच एखादी गाळायच्या. सूनबाई रीना त्यांना स्कूटीवर बसवून दुकानात घेऊन आली.

"दीदी, मम्मीजी का नंबर बढ़ गया लगता है," रीना म्हणाली. ती पोरगी मराठी सगळी समजायची, उत्तर मात्र हिंदीतून द्यायची.

इरावतीनं तपासलं. नंबर किंचित सरकला होता. नवा चष्मा केला. तो घालून कांताबाईंनी कार्डावरची सगळ्यात बारीक ओळ खणखणीत वाचून दाखवली. झालं, म्हणून इरावती निर्धास्त झाली, तर पुढच्याच आठवड्यात दोघी पुन्हा दारात. विहारात परत तेच. इरावतीनं पुन्हा तपासलं, मोतीबिंदू वाढलाय का ते बघायला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी सांगितलं, अगदी कोवळा आहे, त्यानं वाचन अडायचं कारण नाही. दुकानात बसल्या की कांताबाई वाचायच्या, विहारात बसल्या की नाही. इरावतीचं डोकं चालेना.

"जाऊ दे ना बाई," कांताबाईच तिची समजूत काढायला लागल्या. "चष्मा चांगलाच आहे तुझा. डोळे म्हातारे झाले, तर ते काय करन? सवय होऊन जाईन मले."

ते वाक्य आपल्याच दुकानात, तेही गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकल्यावर इरावतीचा चेहरा पडला.

"आणि वाचन?" तिनं विचारलं.

"पौर्णिमेला समाप्ती आहे. तेवढी कशीतरी करतो. मंग रीना वाचत जाईन."

"मैं तो हिंदी वाली किताब ही पढ़ पाऊंगी, दीदी," रीना खालच्या आवाजात म्हणाली. "मराठी में मैं अटक जाती हूं."

कांताबाई हसल्या. "हिंदीत वाच. धम्म काय एकाच भाषेत आहे काय?" त्या म्हणाल्या खऱ्या, पण चष्म्याच्या डबीचं झाकण त्यांनी उगीचच उघडलं आणि मिटलं. बाई आपली जागा सोडायला निघाल्या होत्या, आणि ती सोडताना त्यांना काय होत होतं ते इरावतीला स्वच्छ दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं दुकानाचं शटर खाली ओढलं. ऐन गिऱ्हाइकीच्या वेळी कुठं निघालीस म्हणून अनंतराव ओरडले, तर म्हणाली, "विहारात." तिनं मोजायची टेप पर्समध्ये टाकली आणि गुढियारी गाठली.

वाचन अजून सुरू व्हायचं होतं. कांताबाई एकट्याच फुलं मांडत होत्या. समोर ग्रंथाचं स्टँड होतं, नवं कोरं, स्टीलचं, आरशासारखं लखलखणारं. त्याची पाटी चांगली छातीइतकी उंच, आणि खालचे पाय भक्कम नि पसरट, फरशीत सिमेंटनं पक्के बसवलेले. त्या पायांमुळं वाचणाऱ्याची खुर्ची पार मागं राहायची.

"काकू, हे कधी आलं?"

"यंदाच. पयले लाकडाचा चौरंग होता, खाली बसून वाकून वाचत होतो मी." कांताबाईंनी स्टँडवरून पदर फिरवला. "माझी मान दुखते म्हणून यशदीपनं केलं. सुट्टीच्या दिवशी दोस्ताच्या वेल्डिंगच्या दुकानात जाऊन जाऊन. कुणाचा धक्का लागून ग्रंथ पडू नये म्हणून पाय बी त्यानंच गाडले."

इरावतीनं त्यांना खुर्चीवर बसवलं आणि ग्रंथापासून डोळ्यापर्यंत टेप लावली. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय. तिनं चष्मा केला होता तो हातात धरून वाचायच्या अंतरासाठी. कार्ड सगळे तसंच धरतात, पेपरही तसाच धरतात. इथं ग्रंथ त्याच्या जवळजवळ दुप्पट लांब होता. हातात घ्यावा तर ग्रंथाचा मान जातो, पुढं वाकावं तर बाईंची कंबर धरते. चौरंगावर जो चष्मा चालत होता, तो या स्टँडवर धूसर होणारच होता.

"काकू, तुम्हाला ठाऊक होतं," इरावती म्हणाली. "स्टँड आल्यापासून दिसत नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं."

कांताबाई दारापर्यंत जाऊन बाहेर बघून आल्या.

"होतं."

"मग बोलल्या काहून नाही?"

"कोणाले बोलू? पोरानं हातानं केलं. पयल्या दिवशी सगळ्या पाऱ्याले दाखवत होता, माझ्या आईसाठी केलं म्हणून. त्याच्यात खोट काढू मी?" त्यांचा आवाज जरासा ओला झाला. "वाचन सुटलं तर सुटलं. त्याले सांगजो नको, बाई. शपथ आहे."

आपलेच दात, आपलेच ओठ. इरावतीनं शपथ घेतली. मग खुर्चीचे पाय कुठं यावेत तिथं फरशीवर खडूनं खुणा केल्या, म्हणजे अंतर हलायला नको, आणि त्या अंतरासाठी नवा चष्मा करायला घेतला. असा नंबर शोरूमच्या कुठल्या पाकिटात तयार मिळत नाही, तो माणूस कुठं बसतो हे बघूनच काढावा लागतो. हे काम तिला इतकं आवडलं की परत येताना ती स्कूटरवर गुणगुणत होती.

आश्विन पौर्णिमेला विहार भरून गेला. कांताबाई खुणांवर ठेवलेल्या खुर्चीत ताठ बसल्या, नवा चष्मा लावला आणि वाचायला लागल्या. एकदाही अडखळल्या नाहीत. रीना अगदी पुढं बसून त्यांच्या ओठांकडे बघत होती. इरावती मागं भिंतीला टेकून उभी होती आणि तिला रडू येत होतं, त्याची तिला लाजही वाटत नव्हती.

वाचन संपलं, खीर वाटायला लागले, आणि यशदीप तिच्यासमोर आला. विहाराच्या मंडळातल्या बायका, म्हातारे, सगळे भोवती होते.

"मैडम, तो पहले वाला नंबर गलत था क्या?"

कांताबाईंच्या हातातली खिरीची वाटी तिथंच थांबली. त्या इरावतीकडे बघत होत्या.

नवं दुकान, पाटीवर नाव, आणि पाऱ्यातले सगळे कान ऐकायला टवकारलेले. नंबर अजिबात चुकला नव्हता. हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

"हव," इरावती म्हणाली. "माझंच चुकलं होतं."

घरी हे ऐकून अनंतरावांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं. "आपल्या हातानं आपल्या पायावर कुऱ्हाड मारून आली," ते म्हणाले. इरावतीनं ते ताट परत त्यांच्यापुढं सरकवलं. पुढचे काही दिवस गुढियारीहून कोणी फिरकलं नाही, तेव्हा तिलाही मनातून धाकधूक झाली.

मग एका सुट्टीच्या दिवशी यशदीप एकटाच आला. डोळे तपासायचे म्हणाला. तिनं त्याला आत पडद्यामागं खुर्चीवर बसवलं, तपासणीची जड गोल फ्रेम नाकावर चढवली. तो तक्त्याकडे बघेचना.

"मैडम, आपको झूठ बोलना नहीं आता," तो म्हणाला. "फर्श पर चॉक के निशान देखे मैंने. फिटर हूं. नंबर गलत होता तो आप कुर्सी की जगह क्यों नापतीं? गड़बड़ मेरे स्टैंड में थी ना?"

इरावतीनं फ्रेममधली काच बदलली. शपथ होती.

"नीचे के पैर काटकर छोटे कर दूं?"

"हात लावू नको त्याला," ती म्हणाली. "आता चष्मा त्याच्याच मापाचा आहे. तू कापलंस तर मला पुन्हा नवा करावा लागेल."

तो हसला. "आई को मत बताना कि मुझे पता चल गया. दुखी हो जाएगी."

तेवढ्यात बाहेर दुकानात बायकांचा गलबला झाला. इरावती पडदा सारून बाहेर आली, तर कांताबाई मंडळातल्या चौघीजणींना घेऊन उभ्या.

"यांचे बी डोळे पाहून दे, बाई. म्या सांगितलं, चुकलं तर चुकलं म्हणणारी एकच आहे रायपुरात." त्यांनी बायकांना फ्रेमांच्या कपाटाकडे धाडलं आणि इरावतीच्या जवळ सरकून हळूच विचारलं, "यशदीपले नाही ना सांगितलं काही? लय जीव लावून केलं गं पोट्ट्यानं. त्याले समजलं तर मले वाचताना पाहून रोज जीव जळन त्याचा."

पडदा हातभर अंतरावर होता.

"नाही काकू," इरावती म्हणाली. "मी कुणालाच काही सांगितलं नाही."

ती पुन्हा आत गेली तेव्हा यशदीप फ्रेम लावून तसाच ताठ बसला होता. तिनं तक्त्यावरचं सगळ्यात वरचं, सगळ्यात मोठं अक्षर दाखवलं. त्याला ते दिसेना. इरावतीनं त्याच्या नाकावरची फ्रेम काढून घेतली आणि काचा पुसायचा स्वच्छ रुमाल त्याच्या हातात दिला.