पुसावा तितका पांढरा

मित्रांनो, डोक्यावरचे निम्मे केस झडलेला मी एक जुना ब्रश आहे. दात घासायचा नाही हं, उगाच नाक मुरडू नका. माझा जन्म सर्किट बोर्ड झटकण्यासाठी झाला. लाकडी दांडा, ताठ केस. पाकिटातून निघालो तेव्हा काय रुबाब होता माझा म्हणून सांगू!

सहा वर्षं मी सोल्डरकाकांच्या टेबलावर काढली. काका लिफ्टच्या बटणांमागच्या हिरव्या बोर्डांवर बारीक भाग सोल्डरने, म्हणजे वितळणाऱ्या धातूच्या तारेने, जोडायचे. त्या तारेच्या पोटात राळेसारखा एक पदार्थ असतो. तार वितळली की तो जोडाभोवती पसरतो आणि वाळून पिवळसर चकाकतो. काकांच्या तारेची ती चकाकी तशीच ठेवायची असायची. "झोपलेल्याला उठवू नये," असं म्हणून काका मला फक्त धूळ झटकायला घ्यायचे. मी त्यांचा लाडका होतो, हे मी स्वतःच सांगतो.

मग काका लेकीच्या बाळंतपणासाठी रजेवर गेले आणि टेबलावर पॅकिंगमधली ताई आली. चुणचुणीत, सतत काहीतरी गुणगुणणारी. चाळीस बोर्डांचं ते तिचं पहिलंच स्वतंत्र काम. पास झालं तर टेबल तिचं, नाहीतर पुन्हा खोकी भरायला. तिने काकांच्याच तारेने बोर्ड सुरेख जोडले. एकेक लावून पाहिला, सगळ्यांचे दिवे लागले.

नव्यानेच आलेल्या तपासनीस बाईंनी भिंगातून पाहिलं. "हे पिवळं काय? पुसून आण," एवढंच म्हणाल्या.

ताईने मला स्पिरिटमध्ये बुडवलं. अगं नको, नको, असं मी मनातल्या मनात ओरडत होतो. पण ब्रशाचं ऐकतंय कोण? ओलं होतं तोवर डाग गायब. ताई हसली. वाळलं, आणि जोडाभोवती पांढरीफटक भुकटी. अर्धवट विरघळलेली राळ असाच सूड उगवते. पिवळं निदान लपत तरी होतं, हे हिरव्यावर पिठासारखं उठून दिसू लागलं. ती आणखी जोरात घासू लागली. आणखी पांढरं. माझे केस तुटत होते आणि तिचं गुणगुणणं केव्हाच थांबलं होतं. शेजारच्या टेबलावरची मावशी म्हणाली, काकांना फोन लाव की.

"नको," ताई हळूच म्हणाली. "म्हणतील, एवढंही येत नाही."

एकावर थांबली असती तरी निभावलं असतं. पुढचा तरी उजळेल म्हणून तिने चाळीसच्या चाळीस घासले.

बाईंनी भिंग उचललं आणि लगेच खाली ठेवलं. "हे तर आधीपेक्षा वाईट."

"पण चालतात बाई. सगळे चालतात."

"चालतात गं. पण गिऱ्हाईक आधी बघतं, मग चालवतं."

ताईने माझ्याकडे बोट दाखवलं. "ब्रशच खराब होता."

मला राग नाही आला. म्हटलं, एवढ्याने तिचं टेबल वाचत असेल तर वाचू दे. नाही वाचलं. मी टेबलाखालच्या भंगाराच्या डब्यात गेलो आणि ती पॅकिंगला.

चार दिवसांनी काका परतले. बोर्ड पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. ते पिवळं म्हणजे दोष नव्हताच, आणि काढायचंच होतं तर बोर्ड पुरता धुवायचा, नुसता पुसायचा नाही, असं त्यांनी बाईंना समजावलं. बाई म्हणाल्या, मला तरी कुठे ठाऊक होतं.

मित्रांनो, मला जपा, असं मी म्हणणार नाही. माझे दिवस भरले. मागणं एकच आहे. कळत नसेल तर हात चालवण्याआधी तोंड उघडा. मला तोंड नव्हतं. ताईला होतं, बाईंनाही होतं.