धाकट्याने मला भंगारात टाकले तेव्हा

मित्रांनो, मालकाच्या धाकट्या भावाला काही रीत आहे की नाही? काल त्याने मला भंगाराच्या डब्यात टाकले. ठेवले नाही हं, टाकले! वर हात झटकून म्हणाला, "म्हातारीच्या वॉशरच्या कडेला काटे राहतात. दात पडले हिचे!"

मला दात कधी नव्हतेच, होती ती धार. ती लावायला या शहाण्याला सवड नव्हती.

मी एक जुनी डाय आहे, पत्र्यातून वॉशर कापणारी. शाळा मी पाहिली नाही, भट्टी पाहिली. मालकाने, म्हणजे थोरल्याने, मला पोलादाच्या ठोकळ्यातून घडवले, तेव्हा मी मऊ होते. मग त्याने मला लालबुंद होईपर्यंत तापवले. लोक हत्याराला पाणी देतात. मला पाणी दिले असते तर मी तिथेच तडकले असते. थोरल्याने मला कोमट तेलात बुडवले. बाहेर आले ती अशी कडक, की कानस अंगावरून घसरली!

थोरला मात्र हुरळला नाही. "आत्ता ही काचेसारखी आहे," म्हणाला, आणि अंगात ऊब होती तोवरच मला पुन्हा मंद आचेवर ठेवले. वाळल्या गवताचा रंग चढला. कडकपणा जरासा गेला, पण घाव सोसायची ताकद आली. त्या ताकदीवर मी किती वॉशर कापले, ते मोजण्याइतके शिक्षण मला नाही. थोरला मला आल्यागेल्याला कौतुकाने दाखवायचा. मग प्रेसवर, म्हणजे मला ठोका देणाऱ्या यंत्रावर, धाकटा आला. ना तेल, ना धार.

आज त्याने स्वतः केलेली नवी डाय आणली.

"दादा, बघ, कानस घसरते!"

"तेलानंतर मंद आच दिलीस का?"

"एवढ्या मेहनतीने कडक केली, आता मऊ कशाला करू?"

थोरला हातातले काम ठेवून उठेपर्यंत याने ती प्रेसवर चढवलीसुद्धा. पहिलाच ठोका, आणि टण्! दोन तुकडे. बिचारी पोर, तिचा काय दोष?

"जुनी कुठाय?" थोरल्याने विचारले. धाकट्याने मान खाली घालून दाराकडे बोट दाखवले. भंगारवाला माझा डबा गाडीत चढवत होता.

थोरला धावला. खिळ्यामोळ्यांत हात घालून त्याने मला ओढून काढले. पाणी सोडत, हलक्या हाताने ग्राइंडरवर धार लावली. मला कोरडेच घासले असते तर मी तापून पुन्हा मऊ पडले असते. मी प्रेसवर चढले. वॉशर पडला तो असा गुळगुळीत, की बाळाच्या हातात द्यावा.

धाकटा तेलाची बुधली घेऊन आला. "म्हातारे, रागावलीस?"

प्रेसच्या धडधडाटात मी त्याला ठणकावले, "राग गेला खड्ड्यात, आधी तेल घाल! आणि नीट ऐक. तुझी पोर माझ्याहून कडक होती. तू तिला सोसायला शिकवले नाहीस, म्हणून ती तुटली. वेळेवर धार लावशील, तर तुझी मुले प्रेसवर येतील तेव्हाही वॉशर मीच कापीन. माझे दिवस भरले की नाही, ते मी सांगेन. तू नाही!"