सख्खी

ट्रॅकवर तिला सगळे आत्या म्हणायचे. भावाला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे सख्खी आत्या ती कुणाचीच नव्हती. पण तिच्याबरोबर शर्यतीला उतरणारी पोरं तिच्या निम्म्या वयाची, त्यांना दुसरं काही सुचलं नसावं. पन्नाशी उलटली तरी ती गो-कार्ट, म्हणजे शर्यतीची ती बुटकी, उघडी गाडी पळवत होती. मागून आत्या येतेय असं दिसलं की पोरं वळणाची आतली बाजू घट्ट धरून ठेवत, आणि आत्या बाहेरून निघून जाई. मग हेल्मेट काढता काढता म्हणे, "दार लावलंस रे, खिडकी उघडी राहिली."

तिच्या प्रत्येक गाडीवर हात फिरला तो तिच्या थोरल्या भावाचा. लहानपणी वडिलांनी कुठूनशी एक जुनी कार्ट आणली होती. गाडी एक आणि बसणारे दोघं. वडिलांनी दोघांनाही फेऱ्या मारायला लावल्या, आणि घड्याळात बघितलं. ते काही बोलायच्या आत दादाच म्हणाला, की बारकीला चालवू दे, मी गाडी बघतो. तेव्हापासून ती चालवत आली आणि तो बघत आला. मोठेपणी तिनं एकदा त्याला विचारलं होतं, तुला वाईट नाही का वाटलं? तो म्हणाला, "तू वळणावर गेलीस की मी कठडा घट्ट धरायचो. स्वतः चालवताना स्टिअरिंगसुद्धा तसं कधी धरलं नाही."

पुढे दादा बॉयलरच्या कारखान्यात वेल्डर झाला, आणि आत्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये लोकांना शिकवायला लागली. आठवडाभर ती शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून गोगलगायीच्या चालीनं गावभर फिरायची आणि सुट्टीच्या दिवशी जमिनीला चिकटून वाऱ्यासारखी सुटायची. दादा कठड्याला टेकून उभा असायचा.

मग तिच्या बरगड्यांनी दगा दिला. गो-कार्टच्या सीटमध्ये माणूस बरगड्यांवरच वळणं झेलत असतो; एक जुनी चीर भरून येईना. डॉक्टरांनी शर्यती बंद म्हणून सांगितलं. थोडं-फार, सावकाश चालवलं तर चालेल, पण स्पर्धा नको. ती घरी बसून भिंतींकडे बघत राहणारी नव्हती. दादाही त्याच सुमारास कारखान्यातून निवृत्त झाला होता. ती त्याच्याकडे गेली आणि म्हणाली, की आयुष्यभर आपण दुसऱ्यांनी बनवलेल्या गाड्या कापून-जोडून सुधारत आलो, आता आपलीच काढू. दादानं लगेच हो म्हटलं नाही. वहिनींकडे एकदा बघितलं, पाणी प्यायला, आणि मग हो म्हटलं.

गो-कार्टला स्प्रिंग नसते. खाली असतो तो नळ्यांचा सांगाडा, चेसिस म्हणतात तो, आणि वळणावर तोच किंचित पिळतो, आतलं मागचं चाक कणभर उचलतो आणि परत टेकवतो. चाक उशिरा उचललं तर गाडी वळायला कुरकुरते, धाडकन टेकलं तर ढुंगण फेकते. हे सगळं नळीच्या वाकात आणि जोडाच्या वेल्डिंगमध्ये असतं. वाक कसा हवा हे आत्याच्या अंगाला ठाऊक होतं, जोड कसा हवा हे दादाच्या हाताला.

टायरच्या दुकानामागची एक शेड त्यांनी भाड्यानं घेतली. मधोमध लोखंडी टेबल, त्यावर नळ्या धरून ठेवणारा साचा, कोपऱ्यात गॅसचे सिलिंडर, खिडकीत वहिनींनी आणून ठेवलेली पाण्याची कळशी. पहिली गाडी तयार झाली तेव्हा आत्या ती घेऊन ट्रॅकवर गेली. सावकाश म्हणता म्हणता तिनं चांगल्या फेऱ्या हाणल्या. परत आली, इंजिन बंद केलं, आणि बराच वेळ सीटमध्येच बसून राहिली.

"कशी आहे?" दादानं विचारलं.

"दादा, मी मनात म्हणायच्या आत वळतेय रे ही."

नाव तिनंच ठेवलं. सख्ख्या भावानं जोडलेली, सख्ख्या बहिणीनं घडवलेली, म्हणून 'सख्खी'. वहिनी हसून म्हणाल्या, की आता मी सावत्र झाले म्हणायचं. दादानं पुढच्या नळीवर ते नाव स्वतःच्या हातानं चिकटवलं. चिकटवताना नाक अगदी नळीला लागेल इतका वाकला होता. आत्याला वाटलं, जपून लावतोय.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. आत्याची गाडी म्हटल्यावर लोक चौकशी करायला आले. दातांच्या एका डॉक्टरांनी आपल्या मुलीसाठी एक सांगितली. मुलगी शाळकरी, दात-ओठ खाऊन चालवणारी, आत्याची लाडकी. हंगामाच्या पहिल्या शर्यतीला 'सख्खी' लोकांसमोर आणायची आणि या मुलीनं ती पळवायची असं ठरलं.

पुढच्या गाड्या जोडताना दादा सकाळी लवकर यायला लागला. आत्या शिकवण्या आटोपून पोहोचेपर्यंत वेल्डिंग उरकलेलं असे, वर रंगही लावून झालेला असे. उन्हाच्या आत काम बरं पडतं, असं तो म्हणायचा.

एक गाडी तिनं चालवून पाहिली आणि डाव्या वळणाला तिला काहीतरी खटकलं. चाक उचलायला जरा वेळ लागत होता. तिनं टायर बदलले. नंतरच्या खेपेला सीट हलवली, मागच्या चाकांचा दांडा बदलला. शेवटी स्वतःवरच शंका घेतली, की बरगडी जपताना आपणच अंग चोरत असू. दादानं कशी आहे म्हणून विचारलं तेव्हा ती छान आहे म्हणाली. मग मुलीची गाडी झाली. ती आणखी वाईट होती. दादानं पुन्हा विचारलं, आणि ती पुन्हा छान म्हणाली. गाडीबद्दल दादाशी ती आजवर खोटं बोलली नव्हती.

दादा जेवायला घरी गेला तेव्हा तिनं तो सांगाडा उलटा केला. डाव्या बाजूच्या मागच्या जोडावर रंग जाड होता. तिनं तो पात्यानं खरवडला. खाली ग्राइंडर फिरवून जोड घासून काढल्याच्या खुणा होत्या. दादानं उभ्या जन्मात स्वतःच्या वेल्डिंगवर ग्राइंडर फिरवला नव्हता. माशाच्या खवल्यांसारखी एकसारखी शिवण पडायची त्याची, लोक हात लावून बघायचे. इथं मात्र जिथं जोड होता तिथं धातू पोचला नव्हता, आणि धातू पोचला होता तो नुसत्या नळीवर. बाकीचे जोडही तिनं खरवडले. मग हात धुतले आणि वहिनींकडे गेली.

दादा आतल्या खोलीत आडवा झाला होता. वहिनी स्वयंपाकघरात भांडी आवरत होत्या. आत्यानं फक्त एवढंच विचारलं, की दादाला दिसत नाही का? वहिनींनी हातातलं भांडं खाली ठेवलं.

त्यांनी दार लोटून घेतलं आणि हलक्या आवाजात सगळं सांगितलं. नजरेचा मधला भाग जात चाललाय. कडेचं दिसतं, म्हणून चालता-फिरता येतं, कुणाला कळत नाही. पण ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं पुसून जातं. शेड घेतली त्याच्या आधीच सुरुवात झाली होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, की गेलेलं परत यायचं नाही, आणि वेल्डिंग आता पुरे.

"मला सांगायला हवं होतंत वहिनी," आत्या म्हणाली. "एका शब्दानं."

"शपथ घातली होती मला." वहिनींनी पदरानं डोळे नाही, हात पुसले. "वन्सं, जन्मभर ते तुमच्या मागं उभे राहिले. कधी कुणी त्यांचा फोटो काढला नाही. पहिल्यांदा कुठंतरी दोघांचं म्हणून नाव लागलं. ते तुम्हाला नाही कसे म्हणणार होते?"

शेडवर परत जाईपर्यंत आत्यानं मनाशी बरंच काही जुळवलं. एखादा वेल्डर हाताखाली घेऊ, दादाला म्हणू तू फक्त देखरेख कर, वय झालं, दगदग नको. दादा आला. तिनं बोलायला टायरपासून सुरुवात केली. तो जरा वेळ ऐकत राहिला, मग हातानं टेबल चाचपत त्या उलट्या सांगाड्यापर्यंत आला. खरवडलेल्या जोडावर त्याचं बोट थांबलं.

"बारके, टायर राहू दे," तो म्हणाला. "खरं सांग."

"धरत नाहीये दादा. एकही जोड धरत नाहीये. मी वहिनींना भेटून आले."

तो स्टुलावर बसला. बाहेर कुणीतरी टायरमध्ये हवा भरत होतं, तो आवाज येत राहिला. मग त्यानं एकच मागणं केलं. परत जोडून बघतो म्हणाला. तू शेजारी उभी राहा, तूही वेल्डिंगची काच चढव, आणि मला सांगत जा, वर घे, खाली घे. ट्रॅकवर मी तुला खुणा करायचो, तशा तू मला कर.

नाही म्हणायला हवं होतं, पण तिला म्हणवेना. दोघांनी तोंडावर काच ओढली. दादानं ठिणगी पाडली. ती त्याच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली आणि सांगत गेली: जरा डावीकडे. आता खाली. सावकाश दादा. जास्त झालं, मागं ये. तिचा शब्द त्याच्या हाताशी पोचेपर्यंत धातू भलतीकडे वाहून गेलेला असे. तिच्या हातात स्टिअरिंग असतं तर तिनं क्षणात सावरलं असतं. इथं हात दुसऱ्याचा होता.

दादा मध्येच थांबला. काच वर केली.

"भरलं नाही ना? आवाजावरून कळतंय मला."

"नाही भरलं."

त्यानं हातमोजे काढले आणि एकावर एक नीट ठेवले. "मग काप," तो म्हणाला. "असंच पडून राहिलं तर कुणीतरी उचलून नेईल, आणि त्यात एखादं पोर बसेल."

आत्यानं कटर सुरू केला. नळी थरथरायला लागली तेव्हा दादा उठला आणि दुसरं टोक त्यानं घट्ट धरलं. तिनं कापायचं आणि त्यानं धरायचं, असं त्यांनी कितीतरी गाड्यांवर केलं होतं. आधीची, तिला खटकलेली गाडीही त्यांनी तशीच कापली. शेवटचा तुकडा खाली पडल्यावर दादानं झाडू घेतला, पण लोखंडाचा कीस नेमका कुठं सांडलाय ते त्याला दिसेना. आत्यानं झाडू त्याच्या हातून घेतला नाही. तो झाडत राहिला तोवर ती तिथंच उभी राहिली.

मुलीचे वडील, ते दातांचे डॉक्टर, चिडले, आणि त्यांचं चुकलं नव्हतं. मुलगी रडकुंडीला आली. आत्यानं पहिली गाडी, स्वतःसाठी ठेवलेली, पुन्हा पुन्हा तपासली. तिचे जोड पक्के होते. तीच तिनं मुलीला दिली.

शर्यतीच्या दिवशी दादा आला. कठड्याला टेकून उभा राहिला, आणि आत्या पहिल्यांदाच त्याच्या शेजारी कठड्याच्या अलीकडे उभी होती. मुलगी कुठं आहे ते ती त्याला सांगत होती: मागं पडली, आता वळणावर शिरली, बाहेरून काढतेय. दादानं कठडा धरून ठेवला होता. मुलगी दुसरी आली. लोक आत्याभोवती जमले, हात मिळवू लागले, गाडी कधी मिळेल विचारू लागले. कुणीतरी फोटो काढायचा म्हणालं तेव्हा आत्यानं दादाला हाक मारली. त्या गर्दीत तो नव्हता. वहिनींचा हात धरून तो फाटकाच्या बाहेर पडला होता.

पुढे एक वेल्डर मिळाला. काम स्वच्छ, बोलणं कमी. गाड्या पुन्हा तिच्या मनासारख्या वळायला लागल्या. आत्यानं आग्रह करून दादाला शेडवर आणलं, टेबलाजवळ खुर्ची टाकून दिली. थोडे दिवस तो आला. मग एका दुपारी तिला म्हणाला, की मी येत नाही आता. बसून नुसता आवाज ऐकायचा म्हणजे फार होतं गं.

आणि जाता जाता नावाचं बोलला. "ते 'सख्खी' काढ. दोघांची होती म्हणून ठेवलं होतं. आता ठेवलंस तर खोटं होईल."

तिनं हट्ट केला. रडलीही. वळण तुझ्यामुळंच आहे, साचा तुझा आहे, असं परोपरीनं सांगितलं. तो रागावला नव्हता, म्हणूनच काही उपाय चालला नाही. तिनं नाव काढलं. लोक गाडीला आधीपासून 'आत्या'च म्हणत होते, तेच पुढच्या नळीवर लागलं. धंदा बरा चालला. इतर गावांतूनही मागणी आली. वहिनींनी ते ऐकून बरं झालं म्हटलं आणि विषय बदलला.

सुट्टीच्या दिवशी आत्या त्यांच्याकडे जाते. गाड्यांचा विषय कुणी काढत नाही. शेजारच्यांची भांडणं, वहिनींचे गुडघे, औषधं, असल्या गोष्टी होतात. सुरुवातीला ती समोर बसली की दादा तोंड दुसरीकडे वळवायचा, खिडकीकडे नाहीतर कपाटाकडे. ती मनात झुरायची, की माझं तोंड बघवत नाही त्याला. वहिनींनीच एकदा सांगितलं, की सरळ बघितलं की माणूस पुसला जातो. बाजूला बघितलं म्हणजे कडेनं दिसतो.

आता तो मान वळवतो तेव्हा ती बोलणं थांबवते आणि जागची हलत नाही. मागच्या खेपेला तो कपाटाकडे तोंड करून बराच वेळ बसला होता.

"बारके," तो म्हणाला, "किती पिकलीस गं."

"हो ना," ती म्हणाली.