काचेमागचा ‘मी’

चेहरे मी विसरते, आवाज नाही. दुभाषी आहे, पोटच कानावर चालतं.

त्या दिवशी कंपनीच्या भागधारकांची वार्षिक सभा होती. अध्यक्ष परक्या भाषेत बोलणार आणि मी मागच्या काचेच्या खोलीतून त्याचं मराठी करून लोकांच्या कानातल्या यंत्रात सोडणार. लोकांचं मराठी उलट अध्यक्षांच्या कानात. चौथ्या रांगेत माझे बाबा बसले होते. याच कंपनीच्या भट्टीवर त्यांचा जन्म गेला, निवृत्त होताना थोडे शेअर मिळाले. “घरी माझं ऐकत नाही, आज कानात घालून ऐका,” असं मी सकाळी म्हटलं, तर म्हणाले, “तुझं कुठे? साहेबांचं आहे म्हणून ऐकेन!”

जुन्या कामगारांच्या वतीने बाबांनी एक ठराव आणला होता. कंपनी कोणकोणत्या संघटनांना पैसे देते आणि त्या संघटना हवामान कायद्याबद्दल सरकारदरबारी काय सांगतात, ते दरवर्षी जाहीर करायचं. भट्ट्यांच्या धुराला आळा घालणारा तो कायदा केव्हाचा अडकून पडला होता. धूर बाबांच्या छातीत होताच. तसेच धापा टाकत, दारोदार फिरून त्यांनी सह्या गोळा केल्या होत्या.

बाबा उभे राहिले. “कायदा कोण अडवतंय? त्यात आपली कंपनी आहे का?”

मी प्रश्न पोचवला. तोवर नुसतेच बसलेले अध्यक्ष उठले, खाकरले. “अगदी मनापासून सांगतो...”

हा आवाज! हीच खाकर, हेच ‘अगदी मनापासून’! गेल्या आठवड्यात उद्योजकांच्या महासंघाची बंद बैठक झाली होती आणि तिचं भाषांतर मी फोनवरून केलं होतं. नावं कुणी घेतली नव्हती. हाच आवाज म्हणाला होता, “कायदा आपण अडवू, पण महासंघाच्या नावाने. पैसे मी देतो, माझ्या कंपनीचं नाव कुठे येता कामा नये.” तेव्हा वाटलं होतं, असेल कुणी बिलंदर. तो हा, बाबांचा साहेब!

माझं तोंड मात्र चालूच होतं, सवयीचं तोंड मेलं थांबतंय कशाला! “आम्ही या कायद्याविरुद्ध एक शब्दही बोललेलो नाही,” मी म्हणाले. त्यांच्या भाषेत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ला एकच शब्द. तेव्हा महासंघ धरून ‘आपण’ होतं, आज नुसत्या कंपनीचं ‘आम्ही’ झालं, आणि मधल्या फटीतून महासंघ निसटला. खोटं म्हणावं तर तेही नाही! केवढी ही हुशारी!

“मी तुम्हाला शब्द देतो,” अध्यक्ष म्हणाले. आमच्या धंद्यात बोलणाऱ्याचा ‘मी’ तोच आमचा ‘मी’. पुरुष बोलत असेल तर बाईनेही ‘देतो’च म्हणायचं. म्हटलं मी.

बाबांनी काचेकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या सरळ झाल्या. शब्द साहेबांचा, पण कानात गेला तो लेकीच्या आवाजात. माझी थाप बाबा एरवी चटकन पकडतात. आज पकडतील कशी? मी थाप मारतच नव्हते, काम करत होते.

“माझं समाधान झालं,” बाबा म्हणाले. “ठराव मागे...” त्यांना धाप लागली. त्यांनी पाण्याचा पेला उचलला.

अध्यक्ष कानातलं यंत्र दाबून वाट बघत होते. पुढचं वाक्य मलाच त्यांच्या भाषेत म्हणायचं होतं: मी ठराव मागे घेतो. शेजारी बसलेल्या जोडीदार दुभाष्याने मला कोपराने ढोसलं. बैठकीतलं बाहेर बोलणार नाही असं मी लिहून दिलं होतं. बोलले तर पुन्हा कुठल्याच काचेमागे मला कुणी उभं करणार नाही. दुसरं काही मला येत नाही.

मी लोकांच्या कानात मराठी सोडणारी कळ दाबली. “मागे घेऊ नका. काय झालंय ते मी सांगते.”

सगळं सभागृह अध्यक्षांकडे वळलं. त्यांचं तोंड तर मिटलेलं होतं.

बाबांनी पेला खाली ठेवला आणि काचेकडे वळून म्हणाले, “साहेब ‘सांगते’ कसे म्हणतील? बोल, पोरी.”